हिरव्या स्वेटरची दृष्ट

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "मॅडम, तुम्हीसुद्धा?" असं विचारायला नको. मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. आमच्या क्लासच्या दारावर कुणीतरी लिंबू-मिरची टांगली होती, ती मी स्वतः स्टुलावर चढून काढली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. माझ्यासमोर कुणी "अमक्याची नजर लागली" म्हणालं की माझं डोकं सटकतं. मग मी भांडते... लग्नात, बारशात, कुठेही. हल्ली नातेवाइकांनी मला बारशाला बोलवायचं कमी केलंय.

तरी हे लिहितेय, कारण ह्या जानेवारीत मला एक फोन आला. तो शेवटी सांगते. आधी नांदेड.

तेव्हा मी नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय मायक्रोबायोलॉजी. कॉलेजच्या आवारातच मुलींचं हॉस्टेल होतं — दुमजली, मध्ये चौक, चौकात कपडे वाळत घालायच्या तारा. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली आमची. म्हणजे माझी आणि रेणुकाची.

मी जळकोटची. गावात आमचं किराणा दुकान, अप्पा दुकानात आणि माय अर्धी घरात, अर्धी दुकानात. रेणुका माहूरची. गडाच्या वाटेवर तिच्या बाबांचं कुंकू, बांगड्या आणि प्रसादाचं दुकान. "तुमच्या गावात पोरगी झाली की नावाचा विचारच करत नाहीत का गं?" असं मी तिला चिडवायचे. माझं नाव शिवकांता, त्यामुळे उलट उत्तर द्यायला तिलाही फार डोकं चालवावं लागायचं नाही. ती मला "काय करून राहिली वं?" म्हणायची आणि मी तिला "लई शहाणी हाईस" म्हणायचे. पुण्याकडची एक मुलगी आमच्या मजल्यावर होती, ती आम्हा दोघींचं बोलणं ऐकून नुसती हसायची. तिला आम्ही दोघी मिळून शिव्या द्यायचो.

रेणुका चौथीत असताना तिची आई गेली. घरात मग आत्याचं राज्य. बाबा स्वभावाने गरीब, आत्या म्हणेल ती पूर्व. रेणुकाची मोठी बहीण डीएडला होती. ती काविळीने आजारी पडली म्हणून बाबा तिला घरी घेऊन आले. काविळीतून उठेपर्यंत आत्याने स्थळ बघून ठेवलं होतं. ताईची पुस्तकं हॉस्टेलवरच राहिली, ती आणायलासुद्धा कुणी गेलं नाही. रेणुकाने हे मला एकदाच सांगितलं, तारेवर कपडे वाळत घालताना. वर म्हणाली, "मी बिमार पडून घरी गेली ना कांते, तर परत येत नसते." मला वाटलं, उगीच बोलतेय.

त्या थंडीत रस्त्याच्या कडेला स्वेटरवाले बसले होते. त्यातला एक दोन घेतले तर कमी लावतो म्हणाला, म्हणून आम्ही दोघींनी एकसारखेच घेतले. मेंदीच्या रंगाचे, पुढे दोन खिसे. हॉस्टेलमध्ये आम्हाला "बँडवाल्या" म्हणायला लागले. घालायचो पण रोज.

संक्रांत झाली आणि फ्लूची साथ आली. तिळगुळाचे डबे संपायच्या आत सगळं हॉस्टेल शिंकायला लागलं. खालच्या मजल्यावर एकीने खोकायला सुरुवात केली की वरच्या मजल्यावरून दुसरी उत्तर द्यायची. मेसच्या मावशींनी भाजी-पोळी बंद करून दोन्ही वेळ पातळ खिचडी लावली. वर्गात सर इन्फ्लुएंझा शिकवत होते आणि समोर आम्ही त्याचं प्रात्यक्षिक दाखवत होतो.

पहिली मी पडले. असं अंग मोडून आलं की कूस बदलायची म्हटलं तरी रडू यायचं. रेणुकाने माझं जे केलं ना... मेसमधून गरम पाण्याची बादली जिना चढवून आणायची, माझ्या डोक्यावर चादर टाकून वाफ द्यायची, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची आणि तोंडाने अखंड शिव्या. "एवढी मोठी सायन्सवाली, अन् एक गोळी गिळता येऊन नाही राहिली!" मी म्हणायचे, लांब हो, तुला होईल. ती म्हणायची, "मले काय होते?"

झालं. मी उठून बसले तशी ती पडली.

इकडे मायचे रोज फोन. मी बरी होत आले होते, पण आवाज अजून फाटका. तो ऐकला की तिचं सुरू व्हायचं. "दिष्ट लागली हाय तुला. त्या दिवशी हळदीकुंकवाला गुलाबी साडी नेसून मिरवलीस, तवाच मला वाटलं होतं."

"माय, व्हायरस हाय तो. अख्ख्या हॉस्टेलला झालाय. अख्खं हॉस्टेल गुलाबी साडी नेसलं होतं का?"

"ते मला न्हाई माहीत. अप्पा माल भरायला येणार हायेत नांदेडला. त्यांच्याजवळ अंगावरचं एखादं कापड दे. न धुतलेलं. मी हितं काढते."

हे तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सांगते. आमच्याकडे परगावी असलेल्या माणसाची दृष्ट त्याच्या कपड्यावरून काढतात. कपडा पाटावर ठेवायचा, जणू माणूसच बसलंय. मग मीठ, मोहऱ्या आणि वाळल्या मिरच्या मुठीत घेऊन उतरवायच्या, "आल्यागेल्याची, घरच्याची-दारच्याची, ज्याची लागली त्याची" म्हणत. समोर माणूस असलं तर त्याला तीनदा थुंकायला लावायचं. मग ती मूठ निखाऱ्यावर टाकायची. मिरचीचा ठसका उठला तर दृष्ट नव्हती. ठसका नाहीच उठला तर लागलेली होती, आणि ती जळाली. लहानपणी मी मुद्दाम खोकायचे, म्हणजे मायचा हिरमोड व्हावा.

अप्पा आले ते हॉस्टेलच्या गेटपर्यंत. पुरुषांना आत सोडत नसत. हातात हुलग्याच्या पिठाच्या माडग्याचा डबा, पेजेसारखं पातळ, गूळ घातलेलं, फडक्यात गुंडाळून आणलेलं, अजून कोमट. मी शाल पांघरून खाली गेले आणि तिथेच त्यांच्याशी वाद घालायला लागले, की कपडा-बिपडा काही मिळणार नाही. अप्पांनी हात जोडले.

"माझे बाई, मला गाडी गाठायची हाय. तुमच्या मायलेकीच्या भांडणात मी कायम मधी. रिकाम्या हातानं गेलो तर ती मला घरात घेणार न्हाई. दे की एखादं चिंधूक."

मला हसू आलं. वर गेले, माझ्या खाटेवर पडलेला हिरवा स्वेटर उचलला, पिशवीत कोंबला आणि देऊन आले. डोकं अजून जड होतं. जिना चढउतर करून मी इतकी दमले की येऊन भिंतीला टेकून बसले.

रेणुकाचं मात्र हाताबाहेर चाललं होतं. दवाखान्यात नेऊन आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, फ्लूच आहे, गोळ्या द्या, पाणी पाजा, उतरेल. पण उतरत नव्हता. गोळीने तासभर खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. खाणं बंद. माडगंसुद्धा चमचाभर घेतलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रेक्टर मॅडम खोलीत आल्या, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत ताप राहिला तर मी हिच्या वडिलांना फोन करणार. जबाबदारी असते माझी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण त्या गेल्यावर रेणुकाने माझा हात धरला. हात नुसता भाजत होता. "कांते, बाबाले फोन नको करू देऊ वं. मी सांगून राहिली तुले, मी परत येत नसते." मी म्हणाले, गप पड, काही होत नाही. पण मला तिच्या ताईची ती हॉस्टेलवर राहिलेली पुस्तकं आठवली. प्रॅक्टिकल तोंडावर होती. ती गेली असती तर गेलीच असती.

त्याच दिवशी, दिवेलागणीची गोष्ट. मी तिच्या उशाशी बसून पट्ट्या बदलत होते. कॉरिडॉरमध्ये नेहमीची वर्दळ, खाली कुणीतरी बादली आपटत होतं. रेणुका निपचित पडली होती. आणि एकदम ती कोपरावर उठली. डोळे मिटलेले. तोंड बाजूला वळवलं आणि... थू, थू, थू. खरं थुंकणं नव्हे. लहान पोरांना करायला लावतात तसं नुसतं तोंडाने. मग पुन्हा आडवी झाली.

माझी तर पाचावर धारणच बसली. म्हटलं, ताप डोक्यात गेला हिच्या, वात झाला. उठून दारापर्यंत गेले, रेक्टर मॅडमना हाक मारायला. आणि तिथे थांबले. हाक मारली की फोन जाणार. नाही मारली आणि हिचं काही बरंवाईट झालं तर? दाराची कडी हातात धरून मी उभी होते, रडायच्या बेतात.

तेवढ्यात ठसका आला.

साधासुधा नाही. निखाऱ्यावर मूठभर वाळल्या मिरच्या टाकल्यावर येतो ना, घशाला चिरत जाणारा, तो. मी वाकून खोकायला लागले. शेजारच्या खोलीतून शिंका. समोरून कुणीतरी ओरडलं, "अगं कोण मेली मिरच्या जाळायली गं!" बघता बघता अख्खा वरचा मजला कॉरिडॉरमध्ये, तोंडाला ओढण्या लावून, डोळ्यांतून पाणी. आधीच फ्लूने घसे सोललेले, त्यात हे. पुण्याकडची मुलगी कठड्याला लटकून "आई गं, आई गं" करत होती.

रेक्टर मॅडम नाकाला पदर लावून वर आल्या. त्यांना पक्की खात्री, की कुणीतरी चोरून कॉइलची शेगडी लावली. झडती सुरू झाली. तीन शेगड्या सापडल्या, त्यातली एक आमच्याच खाटेखालची. मॅडमनी एकेकीवर तळहात ठेवून बघितला. तिन्ही थंड. खाली मेसमध्ये विचारलं, तर मावशी तावातावाने वर आल्या. "खिचडी टाकलीया मी, तिच्यात मिरचीचं बोट न्हाई. बिमार पोरींना मिरची घालीन का मी?"

आणि ह्या सगळ्या गोंधळात रेणुका झोपलेली. सकाळपासून दाराच्या फटीतल्या वाऱ्यानेसुद्धा खोकणारी पोरगी, त्या ठसक्यात एकदाही खोकली नाही. मॅडम आमची शेगडी जप्त करून निघाल्या, जाता जाता तिच्या कपाळाला हात लावला आणि थबकल्या.

"अगं, ही तर घामाने भिजलीय. ताप उतरलाय हिचा!"

मी हात लावून पाहिला. कपाळ थंडगार, उशी ओली. मॅडम गेल्या आणि माझा फोन वाजला. माय.

"कसं वाटायलंय आता?"

"बरं हाय. का गं?"

"आत्ताच काढली तुझी. शिव शिव, लई बेकार लागली होती बाई! मूठभर मिरच्या टाकल्या इस्तवावर, जरा म्हणून ठसका न्हाई. तुझे अप्पा समोरच बसलेत, त्यांना साधी शिंक न्हाई."

माझ्या मागे कॉरिडॉरमध्ये अजून कुणीतरी खोकत होतं.

"आन् ऐक, हसू नको. सवेटर पाटावर मांडलं, उतरवलं, आन् सवयीनं तोंडातून गेलं... थुंक बाई तीनदा. सवेटरला! अप्पा लोटपोट झालेत हितं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं नाही सांगत, अजून लिहिताना येतोय.

"आन् बरं केलंस, देवाचं जवळ ठेवलंस. एरवी तर तू काय मानत न्हाईस."

"देवाचं काय?"

"खिशात कुंकवाची पुडी हाय की. समदा खिसा लाल झालाय."

मी वळून बघितलं. दारामागच्या खुंटीवर माझा स्वेटर लटकत होता. एका खिशावर लॅबमध्ये पडलेला निळा डाग, म्हणजे तो माझाच. रेणुकाने ताप चढल्यावर अंगातला काढून माझ्या खाटेवर फेकला होता, तो मी अप्पांजवळ दिला होता. कुंकू माहूरचं, तिच्या बाबांच्या दुकानातलं.

"माय," मी म्हटलं, "ते स्वेटर माझं न्हाई. रेणुकाचं हाय. चुकून आलं."

"मंग तिच्या मायला कळव की, तिची दिष्ट काढली म्हणून."

"तिला माय न्हाई."

मग माय म्हणाली, "मंग बरं झालं की. तिची कोण काढणार होतं?"

आणि लगेच, "पण तुझी राहिलीच की आता! तुझं पाठव."

सकाळी रेक्टर मॅडम थर्मामीटर घेऊन आल्या. ताप नव्हता. फोन झाला नाही. रेणुका खाटेवर बसून माडगं खात होती आणि "शिळं झालं तरी लय भारी लागून राहिलं" म्हणत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती नाही हसली. म्हणाली, थुंकल्याचं आठवत नाही, पण कुणीतरी बाई दटावून काहीतरी सांगत होती आणि तिचं ऐकावंसं वाटत होतं, एवढं आठवतंय. मग म्हणाली, तुझ्या मायला फोन लाव. लावला. "काकू..." एवढंच बोलली आणि पुढे नुसती मुसमुसत राहिली. माझ्यापर्यंत मायचा आवाज येत होता. "रडू नको बाई, नाक आधीच गळायलंय तुझं."

पुढच्या खेपेला अप्पांनी दोन डबे आणले. स्वेटर धुऊन आला, खिशात कुंकवाच्या पुडीशेजारी विभूतीची पुडी. तिने प्रॅक्टिकल दिली, डिग्री घेतली, पुढे शिकली. आज नांदेडला एका लॅबमध्ये आहे. दर संक्रांतीला जळकोटला यायची, आणि माय पाटावर आधी तिला बसवायची, मग मला. मी कुरकुरायचे. माय म्हणायची, "तू कुठं मानतीस? तू मागं बस."

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. फ्लूचा ताप कधीतरी उतरतोच, त्याच दिवशी उतरला. तापात माणूस काहीही करतं. ठसका आवाराबाहेरून, एखाद्या घरातून आला असेल... पण मग खालच्या मजल्यावर कुणालाच कसा आला नाही? मायच्या मिरच्या मवाळ असतील, असंही म्हणून बघितलं. तर अप्पा म्हणाले, त्याच मिरच्यांच्या चटणीने दुसऱ्या दिवशी त्यांच्या कानातून धूर निघाला. एकेक गोष्ट सुटी केली की सुटते. सगळ्या एकाच वेळी कशा घडल्या, ते सुटत नाही. मला आजही माहीत नाही.

माय जाऊन आता दोन वर्षं होतील. आणि ह्या जानेवारीत लातूरला साथ आली. क्लासमधली पोरं कानाला मफलर बांधून खोकत बसायची, मग मीही पडले. रेणुकाने फोनवर माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "अंगावरचा एक कपडा पाठव. धुतलेला नको."

मी नेहमीसारखी भांडले. ती मायक्रोबायोलॉजीवाली, मी बायोलॉजीची मॅडम, लाज वाटू दे म्हटलं. तिने ऐकलं नाही. शेवटी शेजारच्या काकांची मुलगी नांदेडला परत चालली होती, तिच्याजवळ ओढणी दिली.

संध्याकाळी मी घरात बसून होते. खोटं कशाला बोलू, वास येतोय का म्हणून नाक लावून बसले होते. काही नाही. मग तिचा फोन आला आणि आधी पाच मिनिटं नुसतं खोकणं.

"लय ठसका उठला वं! सासूबाई अंगणात पळाल्या, पोरगं रडून राहिलं. तुले काही दिष्टबिष्ट नाही. साधा फ्लू आहे. गोळ्या खा गुपचूप."

"बघ! मग कशाला काढलीस एवढा खटाटोप करून?"

ती खोकायची थांबली. म्हणाली, "मग तुझी कोण काढणार होतं आता?"

फोन ठेवला. मग उठून बेसिनपाशी गेले, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, तोंड बाजूला वळवलं आणि तीनदा थुंकले.